दुसरा जोड

इतिहास बुटांचा लिहिला जातो. चपलांचा कोणी लिहीत नाही. शिखरावर कोणाचा पाय आधी पडला यावर ग्रंथ आहेत, त्या पायात काय होतं ते काचेच्या कपाटात जपून ठेवलेलं आहे. पण तोच पाय संध्याकाळी तंबूत परतल्यावर कशात शिरला, या प्रश्नावर इतिहासकार मौन पाळतात. जणू काही गिर्यारोहक रात्रभर शिखरावरच उभे असतात! वास्तविक डोंगरावर गेलेला माणूस दिवसाचे आठ तास चढउतार करतो आणि उरलेले सोळा तास चहा, खिचडी, भांडी, झोप आणि 'जरा जाऊन येतो' यात घालवतो. या सोळा तासांचं पादत्राण म्हणजे दुसरा जोड.

हा विषय मला पुतण्यानं दिला. हा गृहस्थ नागपुरात राहून गिर्यारोहक झाला आहे. नागपुरात राहून गिर्यारोहक होणं म्हणजे जैसलमेरात राहून पोहायला शिकणं. आमच्या शहराला उंची म्हणून जी काही आहे ती सीताबर्डीच्या टेकडीची. तिच्यावर 1817 साली इंग्रज आणि भोसले यांची लढाई झाली, तेव्हापासून ती लष्कराकडे आहे आणि जनतेसाठी वर्षातून मोजकेच दिवस उघडते. म्हणजे डोंगर एकच, आणि त्यालाही सुट्ट्या!

तर हा पुतण्या एके दिवशी आमच्या स्वयंपाकघरातला वजनकाटा घेऊन बसला आणि म्हणाला, "काका, कॅम्पवर घालायला हलकं, बॅगेत मावणारं काही तरी सुचवा. प्रत्येक ग्रॅम मोजावा लागतो." त्यानं दात घासायच्या ब्रशाची दांडी आधीच अर्धी कापली होती. गिर्यारोहकांत एक जुनी म्हण आहे म्हणे: पायातलं एक किलो पाठीवरच्या पाच किलोंबरोबर. मी म्हटलं, मग सरळ हिशेब आहे. बूट पाठीवर घे आणि अनवाणी चाल, चार किलो वाचतील. तो हसला नाही. ग्रॅम मोजणारी माणसं हसणंही मोजून खर्च करतात.

पण पादत्राण पायात घालण्याऐवजी वाहून नेण्याची आपली परंपरा थोर आहे. 'वहाण' हा शब्द 'वाहणे'वरून आला असेल असं कोणालाही वाटेल. तो आला संस्कृत 'उपानह्'वरून. तरी भरतानं रामाच्या पादुका डोक्यावर वाहून नेल्याच ना! नंतर राम आमच्या रामटेकला टेकला अशी श्रद्धा आहे. याचा अर्थ, राम इथं डोंगरावर मुक्कामाला होता तेव्हा पादुका नंदिग्रामात सिंहासनावर होत्या. दुसरा जोड घरी ठेवून डोंगरावर मुक्काम केल्याची याहून जुनी नोंद माझ्या तरी पाहण्यात नाही.

पुढच्या काळात मात्र 'हलकं' हा शब्दच डोंगरावरून नाहीसा झाला. 1861 साली मध्य प्रांत निर्माण झाला, नागपूर त्याची राजधानी झालं, आणि नागपूरचा उन्हाळा न सोसणारं सरकार दरवर्षी सातपुड्यात पचमढीला चढू लागलं. तिथं कॅप्टन फोर्सिथनं 1862 साली बांधलेलं बायसन लॉज आजही उभं आहे. आता सरकार चढायचं म्हणजे फायली चढायच्या, खुर्च्या चढायच्या, साहेबाचे शिकारीचे बूट, जेवणाचे बूट आणि घरात घालायच्या सपाता चढायच्या. साहेबाला यातल्या कशाचंही वजन ठाऊक नव्हतं, कारण वजन ही पेटी उचलणाऱ्याची खासगी बाब होती. हिमालयातल्या जुन्या मोहिमांची छायाचित्रं पाहा. दुसऱ्याचा दुसरा जोड पाठीवर, आणि स्वतःच्या पायात कित्येकदा पहिलाही नाही!

1953 साली एव्हरेस्टवर गेलेल्या मोहिमेचं सामान साडेतीनशेच्या वर हमालांनी वाहिलं. एवढ्या सरंजामानं निघालेल्या मोहिमेचं शेवटचं पाऊल कशावर अडावं? 28 मे रोजी हिलरी आणि तेनसिंग 27,900 फुटांवरच्या शेवटच्या तंबूत झोपले. हिलरीनं बूट काढून ठेवले. तेनसिंगनं काढले नाहीत. सकाळी हिलरीचे बूट लाकडासारखे कडक! मग स्टोव्हवर दोन तास बूट शेकण्याचा कार्यक्रम झाला. जगाच्या माथ्यावर जायचा दिवस उजाडला होता, आणि सकाळचा पहिला पदार्थ होता भाजलेलं कातडं. इतक्या उंचीवर बुटांना स्वतःच्या पांघरुणात घेऊन झोपावं, हा शहाणपणा गिर्यारोहकांच्या संसारात रूढ आहे.

हलकेपणाची किंमत माणसाला केव्हा कळली? पेटी स्वतःच्या पाठीवर आली तेव्हा. 1955 साली अमेरिकेत एमा गेटवूड नावाची 67 वर्षांची, अकरा मुलांची आई घरी शिवलेली पिशवी खांद्यावर टाकून अ‍ॅपलाशियन डोंगररांगेतली तीन हजारांवर किलोमीटरची वाट एकटी चालून गेली. पायात साधे कॅनव्हासचे बूट! ते फाटले की नवे. सामान वाहायला कोणी नसलं की कोणत्याही माणसाला काय टाकून द्यायचं ते आपोआप सुचतं.

आपल्याकडे तर हे काम हवाई चपलेनं कधीच करून ठेवलं आहे. हिचं मूळ जपानी गवती चपलेत, जोरीत. जपानी मजुरांबरोबर ती हवाई बेटांवर गेली, दुसऱ्या महायुद्धानंतर रबराची होऊन जगभर पसरली. ब्राझीलमध्ये 1962 साली निघालेल्या चपलेचं नावच 'हवाइयानास', आणि तिच्या तळव्यावर भाताच्या दाण्यांची नक्षी. आपल्याला मात्र 'हवाई' म्हणजे हवेसारखी असंच वाटत आलं, आणि तेही खोटं नाही.

पुतण्याला घेऊन मी बर्डीवरच्या एका दुकानात गेलो. दुकानदार गिर्यारोहक नव्हता, पण पायांचा जाणकार होता.

"हवाई घ्या न भाऊ. चपटी होते, भिजली तं झटकली. पण थंडीत मोजा घालून राहिले तं अंगठ्याचा पट्टा बसत नाही."

मग त्यानं फेसाच्या रबराचे भोकाभोकांचे क्रॉक्ससारखे जोडे दाखवले. 2002 साली अमेरिकेत नावेवर घालायला म्हणून निघालेला हा प्रकार वजनाला हलका, पाणी न पिणारा, आणि मोज्यावर चालणारा. ओढा ओलांडायचा तर टाचेमागे पट्टाही आहे. दोष एकच: तो चपटा होत नाही. पाठपिशवीबाहेर बैलाच्या गळ्यातल्या लोढण्यासारखा दिवसभर लटकतो. कापडी सपातांची घडी छान होते, पण दवात त्या भज्यासारख्या तेल... म्हणजे पाणी पितात. "आणि अर्धा नंबर मोठा घ्या," दुकानदार म्हणाला, "संध्याकाळी पाय फुगते." वजनकाट्यावर न कळणारी गोष्ट ही एवढीच होती.

या विषयावरचा शेवटचा शब्द मात्र मी त्याच पचमढीत ऐकला. नागपंचमीच्या सुमाराला नागद्वाराची यात्रा भरते. एरवी ते व्याघ्रप्रकल्पाचं बंद जंगल. या दहा-अकरा दिवसांत मात्र नागपूर-विदर्भातून हजारो माणसं भर पावसात ती निसरडी चढण चढतात. एका वळणावर साठीची एक बाई अनवाणी चढत होती. डोक्यावर गाठोडं, आणि गाठोड्यात खोचलेली रबरी चप्पल.

मी विचारलं, "मावशी, चप्पल डोक्यावर काहून?"

"दगडाले पाय धरते बाप्पा, चप्पल नाही धरत. चप्पल बसाले हाय."

पुढे भंडाऱ्याचा मांडव लागला. तिनं गाठोडं उतरवलं, पाय धुतले, चप्पल घातली आणि मग ऐसपैस बसून जेवली. ते गाठोडं किती ग्रॅमचं होतं, हे तिला कोणी विचारलं नव्हतं. पण त्यात काय ठेवायचं आणि काय नाही, हे ठरवणारी मानही तिची होती आणि ते पेलणारी मानही तिचीच.