पुलापलीकडची पेठ

श्रूजबरी हे नाव मराठी वाचकाला आठवते ते बहुधा बिस्किटांमुळे. इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातले, वेल्सच्या सीमेलगतचे हे जुने बाजाराचे नगर सेव्हर्न नदीच्या एका वळणात वसले आहे. वळण इतके घट्ट की ईशान्येची चिंचोळी पट्टी सोडली तर चहूकडे पाणीच. त्या पट्टीवर किल्ला आहे, आत उंचवट्यावर नगर आहे. वायव्येला वेल्श पूल ओलांडला की फ्रँकवेल लागते.

उपनगर म्हटले की आपल्यापुढे उभी राहते ती शहर भरून वाहिल्यानंतर बाहेर सांडलेली वस्ती. फ्रँकवेलला हे चित्र लावता येत नाही. ही पेठ मध्ययुगापासूनची आहे आणि तिचे कारण गर्दी नसून रस्ता आहे. वेल्सकडून येणारी वाट नदीला भिडते त्या टोकावर ती वसली. जुन्या पुलावर वेल्सच्या दिशेने तोंड केलेला बुरुजाचा दरवाजा होता. म्हणजे नगराने स्वतःला ज्या बाजूपासून राखायचे, नेमक्या त्याच बाजूला फ्रँकवेल होते. वेल्समधले लोकरी कापड याच वाटेने येई आणि त्यावरचा नफा पुलाच्या आतले कापडव्यापारी घेत. सध्याचा पूल १७९३ ते १७९५ या काळात बांधला गेला. त्याला दरवाजा नाही.

या पेठेची जमीन दोन पातळ्यांवर आहे, आणि आम्हांला तिच्याविषयी लिहावेसे वाटले ते यामुळेच. उत्तरेला आणि पूर्वेला नदी वळसा घेते. तिच्या काठची जमीन सखल, पुराच्या आवाक्यातली. तिथे धक्का होता, होड्यांचा व्यापार होता, लाकडी चौकटीची घरे होती. त्यांतली काही आजही उभी आहेत. रस्ता पश्चिमेकडे चढत जातो तशी जमीन कड्यासारखी उंचावते, आणि त्या कड्यावर रॉबर्ट डार्विन या यशस्वी डॉक्टरने १८०० च्या सुमारास ‘द माउंट’ हे विटांचे प्रशस्त घर बांधले. १२ फेब्रुवारी १८०९ रोजी चार्ल्सचा जन्म याच घरात झाला. त्या काळी बाग उतरत उतरत थेट सेव्हर्नपर्यंत जात असे.

चरित्रकारांना ही बाग फार आवडते, आणि ते स्वाभाविकही आहे. किडे गोळा करणारा, गळ टाकून बसणारा मुलगा तिथे सहज दिसतो. नदीपलीकडच्या शाळेच्या वसतिगृहातून मधल्या सुटीत मैलभर धावत घरी येणारा मुलगाही दिसतो. बीगल जहाजावर जाण्याचे निमंत्रण त्याला मिळाले तेही याच घरी, २९ ऑगस्ट १८३१ रोजी. पण हे सारे भूदृश्य कड्यावरच्या खिडकीतून पाहिलेले आहे. खालची पेठ त्यात नदीपर्यंतचे अंतर म्हणून येते, वस्ती म्हणून येत नाही. वास्तविक त्या धावणाऱ्या मुलाला पुलापर्यंत पोहोचायचे तर याच पेठेतून जावे लागे. आत्मचरित्रात डार्विनने सांगितले आहे की एडिंबरोला वैद्यक शिकायला जाण्यापूर्वी, १८२५ च्या उन्हाळ्यात, तो श्रूजबरीतल्या गरिबांवर, विशेषतः स्त्रिया आणि मुले यांच्यावर उपचार करू लागला होता. लक्षणे टिपून घेई आणि वडिलांना वाचून दाखवी. निरीक्षण करून नोंद ठेवण्याची सवय शोधायची तर ती बागेइतकीच या घरांतही शोधायला हवी, असे आम्हांला वाटते. साहित्याच्या वर्गात ‘लेखकाचा प्रदेश’ शिकवताना आपण हीच चूक करतो: उंचीवरून जे दिसते त्याला प्रदेश म्हणतो.

नगरानेही हेच केले आहे. डार्विनचा पुतळा १८९७ साली उभारला तो त्याच्या जुन्या शाळेसमोर, नदीच्या वळणाच्या आत. चौकात १८६० चा रॉबर्ट क्लाइव्ह आहे. हा श्रूजबरीचा खासदार आणि महापौर होता, आणि त्याआधी १७५६ मध्ये तुळाजी आंग्र्यांच्या विजयदुर्गावर चालून गेलेल्या इंग्रज फौजेतही होता. (२०२० साली तो पुतळा हलवण्याची मागणी झाली, तो हलला नाही.)

पेठेच्या वाट्याला पूर आला. सन २००० च्या शरद ऋतूत सेव्हर्न पुन्हापुन्हा रस्त्यावर चढली. त्यानंतर २००३ साली फ्रँकवेलला पूरभिंती मिळाल्या. काही ठिकाणी नुसते खांब असतात आणि पाणी चढू लागले की त्यांत अॅल्युमिनियमच्या फळ्या बसवतात. ‘द माउंट’ला असल्या फळ्यांची गरज कधी पडली नाही. मोटारींसाठी पुलाच्या तोंडाशी चौक रुंद करून गोल वळण बांधले गेले, तेव्हा ‘स्ट्रिंग ऑफ हॉर्सेस’ ही सोळाव्या शतकातली लाकडी सराई मध्ये येत होती. ती उतरवण्यात आली, आणि तिचा सांगाडा शेजारच्या वुस्टरशर परगण्यातल्या अॅव्हनक्रॉफ्ट संग्रहालयात गेला.