मेगाबिट की मेगाबाइट? फायबर इंटरनेटच्या वेगाचे गणित

नवी दिल्ली : ऑप्टिकल फायबरची १०० ‘एमबीपीएस’ची जोडणी घेतलेल्या ग्राहकाला फाइल डाउनलोड करताना संगणकाच्या पडद्यावर जेमतेम १२चा आकडा दिसला, तर आपली फसवणूक झाल्याचा त्याचा समज होतो. प्रत्यक्षात अनेकदा हे दोन्ही आकडे बरोबर असतात. वेगळी असतात ती त्यांची एकके.

इंग्रजी लघुरूपांत लहान ‘बी’ बिटसाठी, तर मोठा ‘बी’ बाइटसाठी वापरण्याचा संकेत आहे. देवनागरीत लहान-मोठी अक्षरे नसल्याने मेगाबिट प्रतिसेकंद आणि मेगाबाइट प्रतिसेकंद ही दोन्ही एकके ‘एमबीपीएस’ अशीच लिहिली जातात. त्यामुळे मराठीत वेगाचा आकडा देताना एककाचे पूर्ण नाव लिहिणे अधिक सुरक्षित ठरते.

आठाचा भागाकार

बिट हे माहितीचे सर्वांत लहान एकक असून त्याचे मूल्य ० किंवा १ असते. आठ बिट मिळून एक बाइट होतो. फायबरमधून माहिती प्रकाशाच्या स्पंदनांच्या रूपाने एकामागून एक वाहत असल्याने दूरसंचार क्षेत्रात वेग बिटमध्ये मोजण्याची प्रथा आहे. संगणकातील साठवण मात्र बाइटमध्ये मोजली जाते. म्हणून जोडणीच्या वेगाला आठाने भागले की फाइल उतरण्याचा वेग मिळतो.

या हिशेबाने १०० मेगाबिट म्हणजे १२.५ मेगाबाइट प्रतिसेकंद. चार गिगाबाइटचा चित्रपट या वेगाने उतरण्यास ३२० सेकंद, म्हणजे ५ मिनिटे २० सेकंद लागतात. एककाची गल्लत केल्यास हेच उत्तर ४० सेकंद येते.

दूरसंचारातील उपसर्ग दशमान पद्धतीचे आहेत. एक किलोबिट म्हणजे १,००० बिट, एक मेगाबिट म्हणजे १० लाख बिट, एक गिगाबिट म्हणजे १०० कोटी बिट आणि एक टेराबिट म्हणजे एक लाख कोटी बिट. संगणकाच्या स्मृतीसाठी मात्र १,०२४च्या पटीत मोजण्याची पद्धत रूढ झाली. हा गोंधळ दूर करण्यासाठी आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने १९९८ मध्ये द्विमान मोजणीकरिता ‘किबी’, ‘मेबी’, ‘गिबी’ असे स्वतंत्र उपसर्ग निश्चित केले. त्यानुसार १२.५ मेगाबाइट म्हणजे सुमारे ११.९ मेबीबाइट. याशिवाय माहितीच्या प्रत्येक पुडक्यासोबत पत्ता व नियंत्रणाचा मजकूर जातो. त्यात सुमारे पाच टक्के क्षमता खर्ची पडते.

धोरणातील आकडे

देशात ‘ब्रॉडबँड’ कशास म्हणावे, हेही याच एककांत ठरते. २००४च्या ब्रॉडबँड धोरणात किमान वेग २५६ किलोबिट प्रतिसेकंद होता. २०१३ मध्ये तो ५१२ किलोबिट आणि जानेवारी २०२३ मध्ये २ मेगाबिट करण्यात आला. बाइटमध्ये हे वेग अनुक्रमे ३२, ६४ आणि २५० किलोबाइट प्रतिसेकंद होतात. २०१८च्या राष्ट्रीय डिजिटल संचार धोरणाने प्रत्येक नागरिकासाठी ५० मेगाबिटचे, म्हणजे ६.२५ मेगाबाइट प्रतिसेकंदाचे उद्दिष्ट ठेवले होते.

मोठ्या वाहिन्यांची मोजणी गिगाबिटमध्ये होते. २००३ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडियाच्या नोएडासारख्या केंद्रांत सेवा कंपन्या परस्परांची देशांतर्गत वाहतूक थेट देवाणघेवाण करतात. तेथील १० गिगाबिटची एक जोडणी सेकंदाला १.२५ गिगाबाइट माहिती वाहू शकते. जुन्या फायबर जाळ्यांतील ‘एसटीएम-१’ या पातळीचा वेग १५५.५२ मेगाबिट असतो. ‘एसटीएम-६४’ त्याच्या ६४ पट, म्हणजे ९,९५३.२८ मेगाबिट असूनही व्यवहारात त्यास १० गिगाबिट म्हटले जाते.

घरोघरी पोहोचणाऱ्या फायबरमध्ये ‘जीपॉन’ हे तंत्र सर्रास वापरले जाते. त्यात एका वाहिनीची डाउनलोड क्षमता २.४८८ गिगाबिट, तर अपलोड क्षमता १.२४४ गिगाबिट असते. ही क्षमता अनेक घरांत विभागली जाते. ३२ घरांनी एकाच वेळी पूर्ण वापर केल्यास प्रत्येकाच्या वाट्याला डाउनलोडसाठी सुमारे ७८ मेगाबिट येतात. सर्व घरे एकाच क्षणी पूर्ण वापर करीत नसल्याने एरवी हा फरक जाणवत नाही. सायंकाळच्या गर्दीत मात्र तो जाणवू शकतो.

तक्रारीपूर्वी पडताळणी

वेग कमी असल्याची शंका आल्यास प्रथम पडद्यावरील एकक पाहावे. वेगचाचणीची संकेतस्थळे बहुधा मेगाबिट दाखवतात, तर ब्राउझर मेगाबाइट. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या ‘मायस्पीड’ या अॅपवरही वेग मेगाबिटमध्ये मिळतो. वायफायमुळे वेग घटत असल्याने चाचणी शक्यतो केबलने जोडलेल्या संगणकावर, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी करावी.

फाइल उतरण्याच्या आकड्याला आठाने गुणूनही उत्तर करारातील वेगापेक्षा सातत्याने बरेच कमी येत असेल, तर तक्रारीस आधार आहे. ती प्रथम कंपनीच्या तक्रार केंद्राकडे नोंदवून क्रमांक घ्यावा. निवारण न झाल्यास कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे दाद मागता येते. नियामक प्राधिकरण वैयक्तिक तक्रारींचा निवाडा करीत नाही. तक्रारीत वेगाचा आकडा लिहिताना ‘मेगाबिट’ किंवा ‘मेगाबाइट’ असा स्पष्ट उल्लेख करावा. अन्यथा रास्त तक्रारही एककाच्या घोळात फेटाळली जाण्याचा धोका असतो.