पाण्याची रेघ

आजीच्या लग्नाच्या फोटोत आजोबांना पाय नाहीत. आजीलाही नाहीत. दोघांच्या कमरेखालून एक तपकिरी रेघ आडवी गेली आहे आणि तिच्याखाली सगळं पांढुरकं, फुगून उकललेलं. लहानपणी मला वाटायचं, हे दोघं पाण्यात उभं राहून फोटो काढून घ्यायला गेले होते. फोटो १९५६ सालचा. पाणी १२ जुलै १९६१ चं.

पुण्याच्या नदीकाठच्या पेठांमधली जुनी माणसं आजही शक-सनावळ्यांत बोलत नाहीत. अमक्याची मुंज ‘पुराच्या आधी’, तमकीचं बारसं ‘पुरानंतर’. पूर कुठला, ते विचारायचं नसतं. आंबी नदीवरचं पानशेतचं मातीचं धरण अजून बांधून पुरं व्हायचं होतं आणि त्याच पावसाळ्यात त्यात पाणी अडलं. धरणाच्या पोटातून पाणी सोडायच्या मोरीचं काम अर्धवट होतं, तिच्यावरचा भराव खचत गेला. लष्कराचे जवान रात्रभर पोती रचत राहिले. सकाळी धरण गेलं. ते पाणी खाली मुठेवरच्या खडकवासल्यावर येऊन आदळलं आणि १८७९ सालचं ते दगडी धरणही गेलं. जवानांचा विषय निघाला की आजी हात जोडते. “रात्रीच फुटलं असतं तर झोपेतच गेलो असतो गं.”

तीन वर्षांपूर्वी मी तिच्यासमोर मोबाइल ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं. पहिल्या दिवशी ती पाहुण्यांशी बोलावं तसं बोलली. “फार मोठा पूर आला, फार नुकसान झालं,” असली वर्तमानपत्री मराठी. दुसऱ्या दिवशी मी बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणून तिच्या मांडीवर ठेवला. त्यात फोटो आणि पोस्टकार्डं होती. मग ती मला विसरली आणि फोटोंशी बोलायला लागली.

“भिंत पडली नाही,” ती म्हणाली. “विरघळली. पांढऱ्या मातीची भिंत, पाण्यात बुडवलेल्या बिस्किटासारखी बसत गेली खाली.” घर सोडताना तिने काय उचललं? कडेवर दीड वर्षांचा माझा काका, पदरात देव्हाऱ्यातली अन्नपूर्णा आणि रेशनकार्ड. दागिन्यांचा डबा माळ्यावर राहिला. रेशनकार्ड का, म्हणून विचारलं तर माझ्याकडे असं बघितलं की मी पुढचा प्रश्न गिळला. सगळे पर्वतीकडे चालत सुटले. परतल्यावर वाड्यात गुडघाभर गाळ, फुगलेल्या गव्हाचा आंबूस वास, आणि खुंटीवरची छत्री मात्र जागच्या जागी.

खडकवासलाच रिकामं झाल्यामुळे नळ कोरडे पडले होते. गाळ धुवायलाही पाणी नाही! हे सांगताना आजी अजून हसते. आड उपसून घागरी भरल्या त्या आधी प्यायला, मग गाळ काढायला, आणि अगदी शेवटी फोटोंना. ओले फोटो दोरीवर वाळत घातले होते, कपड्यांच्या चिमट्यांनी. ज्यांवर काच होती त्यांचं जास्त वाईट झालं. फोटोवरचा जिलेटिनचा थर पाण्याने मऊ होतो आणि वाळताना काचेला धरतो. असा फोटो ओढून सोडवायचा नसतो, हे मला फार उशिरा कळलं. पणजोबांचा एकुलता एक फोटो मी मोठ्या उत्साहात काचेवरून सोडवायला गेले. त्यांचा डावा गाल आता काचेवर आहे. पुराने ठेवलं होतं ते मी घालवलं.

आत्याआजी (आजोबांची धाकटी बहीण) हे ऐकत बसली होती. तिला राहवेना. “पाणी माजघराच्या तुळईला लागलं होतं, वहिनी. तू जिन्याच्या चौथ्या पायरीपर्यंतच सांगतेस.” दोघींची जुंपली. पायऱ्या मोजून झाल्या, तुळईची उंची काढून झाली. वाडा पाडून तीस वर्षं झालीत, त्याला कोण काय करणार? मी दोन्ही उंच्या लिहून घेतल्या. आजीने जिना पाहिला तो निघताना, आत्याआजी शेवटपर्यंत शेजारच्या माडीवर अडकली होती, हे पुढच्या तासाभरात उलगडलं. म्हणजे दोघीही बरोबर असतील.

एका बाबतीत मात्र मला आजीचा संशय होता. “अवस होती,” ती दर वेळी म्हणायची. अवसेला सगळं वाईट घडतं, ही तिची जुनी खात्री, तेव्हा हे मागाहून चिकटवलेलं असणार असं मी धरून चालले. पुढे एका ओळखीच्या गुरुजींकडे जुनं पंचांग निघालं. त्या वर्षी अधिक ज्येष्ठ होता. १२ जुलै, बुधवार, निज ज्येष्ठातली अमावास्या. त्या रात्री शहरात वीज नव्हती आणि वर चंद्रही नव्हता. आजीला सांगितलं तर ती म्हणाली, “मग मी काय खोटं बोलत होते?”

वि. का. राजवाडे वाड्यावाड्यांतून रुमालात बांधलेली दप्तरं शोधत हिंडले, म्हणून मराठ्यांच्या इतिहासाची साधनं वाचली. ती जपायला १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. आमच्या डब्यातल्या कार्डांना कुणी साधन म्हणणार नाही. पण त्यांच्यातही एक गंमत आहे. पुराच्या आधीची कार्डं दोन प्रकारची. आजोबा टाक-दौतवाले, वळणदार मोडणीचे. त्यांची सगळी कार्डं आता निळ्या ढगांसारखी दिसतात. पणजी काटकसरी, शिसपेन्सिलीच्या तुकड्याने लिहायची. तिचं अक्षर न् अक्षर शाबूत आहे. त्यामुळे आजोबांनी बी.ए. झाल्यावर घरी काय लिहिलं ते गेलं, आणि दुधाचा रतीब कोणत्या तारखेला चुकला ते उरलं.

पुरानंतरचं कार्ड एकच. आजोबांनी सोलापूरला मोठ्या भावाला टाकलेलं, पुढे केव्हातरी परत आमच्याकडे आलं. “सर्व मंडळी सुखरूप. सामान गेले. काळजी नसावी.” एवढंच.

“पण सर्व कुठे सुखरूप होते?” हे आत्याआजी बोलली, आजी नाही. तळमजल्यावरच्या बिऱ्हाडातला दहा-अकरा वर्षांचा मुलगा पाणी बघायला म्हणून गेला, तो परत आला नाही. त्याची बातमी देणारं कार्डही आजोबांनीच लिहिलं, त्याच्या मामांना, वरचा कोपरा फाडून. असली कार्डं घरात ठेवायची नसतात. वाचायची, फाडायची, अंघोळ करायची. ते लोक पुढे पूरग्रस्तांच्या वसाहतीत गोखलेनगरला गेले. आमचा त्यांचा संबंध तुटला.

मी पुन्हा डबा तपासला. लग्नाच्या आमंत्रणाची हळदीकुंकू लावलेली कार्डं, बारशाची, परीक्षा पास झाल्याची. मृत्यूचं एकही नाही. आमच्या घरात साठ-सत्तर वर्षांत कागदोपत्री कोणी मेलंच नाही.

त्या मुलाचा फोटो कुठे असेल का, म्हणून विचारलं. दोघी गप्प झाल्या. मग आजीने लग्नाचा फोटो पुढे ओढला, चष्मा काढला आणि रेघेखालच्या पांढऱ्या भागावर बोट ठेवलं.

“हा इथे होता. पाच-सहा वर्षांचा. माझ्या शालूचा काठ धरून. फोटोवाल्याने दोनदा बाजूला केला, तरी पुन्हा आला.” बोट सरकलं. “मोरपंखी शालू. ही माझी करवली. हे पाट.”

मी फोटो उलटा केला आणि पेन्सिल शोधायला उठले.