मशीनमधला वाटा कोण ठरवतं?

पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

"सर्व्हर डाऊन आहे, उद्या या." आपल्या तालुक्यात हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस शोधून सापडणार नाही. उत्पन्नाचा दाखला असो, पीकविमा असो की रेशनची केवायसी. आपण हे वाक्य पावसासारखं घेतो, आला तर आला, नाही तर नाही. पण सर्व्हर म्हणजे पाऊस नव्हे. मशीनची ताकद मोजलेली असते आणि ती कोणाला किती द्यायची हे कुठल्यातरी माणसाने ठरवलेलं असतं. हे ठरवायचे नियम कसे बनत गेले, त्याची गोष्ट साठ वर्षांहून जुनी आहे. माझा डिप्लोमा पत्रकारितेचा, कॉम्प्युटरचा नाही. म्हणून तांत्रिक शब्द कमी ठेवून, आपल्या भाषेत सांगतो.

सुरुवातीला नुसती रांग होती. प्रोग्राम पंचकार्डांवर टोचायचा, गठ्ठा ऑपरेटरच्या हातात द्यायचा आणि घरी जायचं. उत्तर काही तासांनी, नाहीतर दुसऱ्या दिवशी. एक खूण चुकली तर पुन्हा रांगेत. मुंबईच्या टीआयएफआरमध्ये १९६४ साली आलेलं सीडीसी ३६०० हे अवाढव्य मशीनही याच पंचकार्डांच्या जमान्यातलं.

अमेरिकेत एमआयटीमध्ये फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये वेगळंच काहीतरी करून दाखवलं. मशीनचा वेळ बारीक बारीक तुकड्यांत कापायचा आणि एकेक तुकडा आळीपाळीने सगळ्यांना द्यायचा. मशीन एकच, पण समोर बसलेल्या प्रत्येकाला वाटतं की ते आपलंच आहे. या व्यवस्थेचं नाव सीटीएसएस. आळीपाळीचा नियमही शहाणा होता. छोटं काम पटकन हातावेगळं करायचं. ज्याचं काम लांबत जाईल त्याला एकेक पायरी खाली उतरवायचं. खालच्या पायरीवर पाळी उशिरा येते, पण आली की वेळ जास्त मिळतो. तलाठ्याकडे ज्याला फक्त एक सही हवी, त्याला सातबाऱ्याचा गठ्ठा घेऊन आलेल्याच्या मागे ताटकळत ठेवायचं नाही, तसंच हे.

पण वाटणी आली की कोटा आला, आणि कोटा आला की भांडणही आलंच. ॲलन शेर नावाचा संशोधक तिथे पीएचडी करत होता. त्याला आठवड्याला चार तास मिळत, कामाला जास्त लागत. १९६२ साली त्याने मशीनला एक पंचकार्ड देऊन पासवर्डची फाईलच छापून घेतली आणि मग दुसऱ्यांच्या नावाने मशीन वापरू लागला. ही गोष्ट त्याने स्वतःच कित्येक वर्षांनी सांगितली. कॉम्प्युटरच्या इतिहासातली ही पहिली पासवर्डचोरी मानली जाते. ती पैशासाठी झाली नाही, हेरगिरीसाठीही नाही. वाट्याला आलेला वेळ पुरेना म्हणून झाली. मर्यादा घातली आणि खऱ्या गरजेला पुढचं दार ठेवलं नाही, की माणूस मागचं दार शोधतो. आपल्याला यात नवीन काही नाही.

याच्या उलट टोकाची एक दंतकथा कॉम्प्युटरच्या पुस्तकांत सांगतात. एमआयटीचं आयबीएम ७०९४ मशीन १९७३ मध्ये बंद केलं, तेव्हा त्यात १९६७ साली दिलेलं एक कमी महत्त्वाचं काम सापडलं म्हणे. सहा वर्षं त्याची पाळीच आली नव्हती! खरं-खोटं कोण जाणे, पण दुखणं खरं आहे. या शास्त्रात त्याला सरळ उपासमार म्हणतात. कालव्याच्या टेलला शेत असलेल्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. त्यावर एक सोपा उपाय निघाला. जो जितका जास्त थांबला, त्याचा नंबर तितका वर सरकवायचा.

पुढे बेल लॅब्समध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स बनवलं. त्यात 'नाइस' नावाची आज्ञा आली. नाइस म्हणजे भला. माझं काम मोठं आहे, घाई नाही, आधी बाकीच्यांचं होऊ द्या, असं आपणहून सांगायची सोय. साध्या वापरकर्त्याला स्वतःचा नंबर खाली नेता येतो. वर नेण्याचा अधिकार मात्र मशीनच्या मुख्य कारभाऱ्याकडे. छान कल्पना, पण सगळी भलेपणावर उभी. पंगतीत "आधी तुम्ही बसा" म्हणणारे किती असतात ते आपण बघतोच.

म्हणून सक्ती आली. १९८३ च्या बीएसडी युनिक्समध्ये प्रत्येक प्रोसेसला, म्हणजे मशीनवर चालू असलेल्या प्रत्येक कामाला, वरची मर्यादा घालता येऊ लागली. प्रोसेसरचा इतका वेळ, इतकी मेमरी, बस. पण यात एक भोक राहिलं. हिशेब एकेका प्रोसेसचा होता, आणि एक प्रोसेस दुसरीला जन्म देऊ शकते. रेशनकार्ड फोडून एका घराची चार कुटुंबं दाखवायची, तोच प्रकार.

असल्या बेसुमार वाढीने काय होतं ते २ नोव्हेंबर १९८८ ला दिसलं. कॉर्नेल विद्यापीठातल्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने इंटरनेटवर एक प्रोग्राम सोडला. तो या मशीनवरून त्या मशीनवर स्वतःची नक्कल करत जायचा. त्याने कोणाची फाईल पुसली नाही. पण एकाच मशीनवर पुन्हा पुन्हा नकला शिरत गेल्या आणि त्या खाऊ लागल्या प्रोसेसरचा वेळ. खरं काम करायला जागाच उरली नाही. तेव्हाच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ६,००० मशीनना याचा फटका बसला. मॉरिसला तीन वर्षांचं प्रोबेशन, ४०० तासांची समाजसेवा आणि १०,०५० डॉलर दंड अशी शिक्षा झाली. बघा, काहीही न चोरता, नुसतं जास्त खाऊनसुद्धा बाकीच्यांना उपाशी ठेवता येतं.

रेशनकार्डाचं भोक बुजवायचं काम पुढे लिनक्समध्ये झालं. २००६ मध्ये गुगलच्या पॉल मेनेज आणि रोहित सेठ या इंजिनिअरांनी ते सुरू केलं आणि जानेवारी २००८ मध्ये ते लिनक्सच्या मुख्य आवृत्तीत आलं. नाव सी-ग्रुप्स. कल्पना अशी, की एकेका प्रोसेसचा हिशेब ठेवायचा नाही, घराचा ठेवायचा. एका प्रोसेसला कितीही पोरं-नातवंडं होवोत, खर्च त्याच घराच्या खात्यावर पडणार.

याने किती फरक पडतो ते साध्या गणितात बघा. एका मशीनवर दोन जण आहेत. एकाच्या ५० प्रोसेस, दुसऱ्याच्या २. सगळ्या प्रोसेसना समान वाटा दिला तर पहिल्याला ९६ टक्के मशीन मिळतं आणि दुसऱ्याला ४ टक्के. नियम सर्वांना सारखाच! घराप्रमाणे वाटलं तर निम्मं-निम्मं. म्हणजे समानता कशावर मोजायची, हे ठरवण्यातच निम्मा न्याय-अन्याय होऊन जातो.

यात वाटा आणि मर्यादा असे दोन वेगळे प्रकार आहेत. वाटा फक्त टंचाईत लागू होतो. मशीन मोकळं असेल तर हवं तितकं घ्या, गर्दी झाली की ज्याच्या-त्याच्या वाट्यावर या. मर्यादा मात्र कायमची. दर १०० मिलिसेकंदांत ५० असं ठरवलं तर अर्धा प्रोसेसर, बाकी मशीन रिकामं पडलेलं असलं तरी. आणि प्रोसेसरची मर्यादा संपली तर काम नुसतं थांबतं, मेमरीची संपली आणि जागा मोकळी करता आली नाही तर काम मारलं जातं. कोणाला मारायचं याचाही गुणांक असतो आणि कोणाला अभय द्यायचं तेही आधी लिहून ठेवता येतं.

आजच्या क्लाऊडचा मोठा भाग या पायावर उभा आहे. एका मोठ्या मशीनमध्ये शेकडो घरं आणि प्रत्येक घराला लिहून दिलेला वाटा.

आता आपल्याकडे या. २८ एप्रिल २०२१ ला १८ ते ४४ वयाच्या लोकांसाठी कोविन पोर्टलवर लसीची नोंदणी उघडली आणि पहिल्याच फटक्यात पोर्टल अडखळलं. मुळात लसच कमी होती, ते खरंच. पण त्या टंचाईत ज्यांना कोडिंग येत होतं त्यांचे प्रोग्राम दर काही सेकंदांनी रिकामी जागा शोधत होते. मग एका इंटरनेट पत्त्यावरून पाच मिनिटांत १०० विचारणा अशी मर्यादा आली. मर्यादा रास्तच होती. पण ज्याच्याकडे साधा मोबाईल होता तो या रांगेत उभाच नव्हता, त्याला कसली मर्यादा आणि कसला वाटा? ३१ मे २०२१ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयानेही डिजिटल दरीचा हाच प्रश्न सरकारला विचारला.

मला या सगळ्या इतिहासातून एवढंच दिसतं, की मशीनचा वाटा ठरवणं हे तंत्रज्ञाचं काम वाटतं, पण ते कारभाराचं काम आहे. पाणीपाळीइतकंच. पाणीवाटपाच्या बैठकीला आपण जातो, टेलपर्यंत पाणी पोचलं नाही तर जाब विचारतो. पोर्टलच्या बाबतीत मात्र "टेक्निकल प्रॉब्लेम आहे" म्हटलं की आपण गप्प.

तर यापुढे तीन गोष्टी विचारू या. शेवटच्या तारखेच्या गर्दीत या सेवेला किमान किती क्षमता राखून ठेवली आहे? त्याच मशीनवर आणखी कोणाकोणाची कामं चालतात आणि टंचाईत आधी कोणाचं काम बंद पडतं? आणि ज्याचा अर्ज अडकला त्याचा नंबर राखला जातो, की त्याला पुन्हा शेवटी उभं राहावं लागतं?

हे तीन प्रश्न घालून मी माहिती अधिकाराचा अर्ज करतोय. तुम्हीही आपापल्या अडकलेल्या कामासाठी करा. मजकूर हवा असेल त्यांनी कमेंटमध्ये सांगा, पाठवतो.