नकार देण्याची ऐपत

मोकळा बाजार आणि कामगारांचे संरक्षण ही एका तागडीची दोन पारडी आहेत, एक वर गेले की दुसरे खाली येणारच, हे मत आपल्याकडे इतके मुरले आहे की ते तपासून पाहावे असे कोणाला वाटतच नाही. पुण्यात ते ऐकू येते, मुंबईत येते. बंगळुरूत तर त्याला शहराच्या भरभराटीचा दाखलाही जोडला जातो. म्हणून ते तिथेच तपासू, तेही के. आर. पुरममध्ये.

पूर्व बंगळुरूतला हा भाग. पलीकडे व्हाइटफील्डचे संगणक उद्योग, अलीकडे टिन फॅक्टरीचा चौक, मधे रेल्वेमार्गावरचा झुलता पूल, आणि या सगळ्यातून वाट काढत जेवण, किराणा आणि प्रवासी पोचवणारे दुचाकीस्वार. त्यांच्याबद्दलचा पूर्वपक्ष असा. ही मुले आपखुशीने आली. ॲप चालू करावे, काम घ्यावे, नको तेव्हा बंद करावे. मुकादम नाही, हजेरी नाही. यांना विमा, निधी, नोटीस यांचे कवच कायद्याने दिले तर काम देणारा हात आखडता घेईल आणि पहिला रोजगार यांचाच जाईल. बंगळुरू मोठे झाले ते सरकार दूर राहिले म्हणून. कामगारांचेही भले त्याच वाटेने होईल. हा युक्तिवाद दुष्टपणाचा नाही. तो मांडणाऱ्या कित्येकांना गरिबांचे हित खरोखर हवे आहे, म्हणूनच त्याला नीट उत्तर द्यायला हवे.

आधी इतिहास. के. आर. पुरमला खेटून दूरवाणीनगर आहे. तिथे १९४८ साली इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज उभी राहिली, स्वतंत्र भारताच्या अगदी पहिल्या सरकारी उद्योगांपैकी एक. याच शहरात हिंदुस्तान एअरक्राफ्ट १९४० सालापासून होती. हिंदुस्तान मशीन टूल्स १९५३ मध्ये आली, भारत इलेक्ट्रॉनिक्स १९५४ मध्ये. कायम नोकरी, वसाहत, दवाखाना, शाळा, निवृत्तीनंतरची तजवीज हे सारे या कारखान्यांनी हजारो कुटुंबांना दिले. ज्या घरात बापाची नोकरी उद्या जाणार नाही याची खात्री असते, त्याच घरातली मुलगी चार वर्षे अभियांत्रिकी शिकू शकते. संगणक कंपन्या आल्या तेव्हा त्यांना तयार मनुष्यबळ मिळाले ते अशा घरांतून आणि सरकारी पैशावर चालणाऱ्या संस्थांतून. पुढे १९९१ मध्ये केंद्र सरकारने सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क्सची संस्था काढली, उपग्रहाची जोडणी दिली, आणि निर्यातीच्या नफ्यावरची करमाफी मार्च २०११ पर्यंत चालू ठेवली. व्हाइटफील्डचे इंटरनॅशनल टेक पार्कही कर्नाटक सरकार, टाटा आणि सिंगापूर यांच्या भागीदारीतून उभे राहिले. उद्योजकांचे कर्तृत्व यामुळे तसूभरही कमी होत नाही. पण जमीन, कर आणि जोडणी यांत शासनाने हात द्यायचा तो उद्योगधोरण म्हणून, आणि विम्यात हात दिला की बाजारात ढवळाढवळ झाली, हा भेद कुठल्या अर्थशास्त्रात बसतो?

पूर्वपक्षाचा दुसरा आधार विद्वत्तेचा आहे. टिमोथी बेस्ली आणि रॉबिन बर्जेस यांनी २००४ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. औद्योगिक विवाद कायद्यात राज्यांनी १९५८ ते १९९२ या काळात केलेल्या दुरुस्त्यांना त्यांनी ‘कामगारधार्जिणी’ किंवा ‘मालकधार्जिणी’ असे गुण दिले, आणि कामगारांकडे झुकलेल्या राज्यांत नोंदणीकृत उद्योगांचे उत्पादन, गुंतवणूक व रोजगार मागे पडला असा निष्कर्ष काढला. कामगार कायद्यांवर टीका करताना हा निबंध फार वेळा पुढे केला जातो. पण त्याची वर्गवारी उघडून पाहा. त्यात केरळ मालकधार्जिणे ठरले आणि गुजरात कामगारधार्जिणे! दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे आदित्य भट्टाचार्जी यांनी २००६ मध्ये हे दाखवून दिले. गुजरातवर हा शिक्का बसला तो १९७३ च्या एका दुरुस्तीमुळे. संयुक्त व्यवस्थापन परिषदेवर प्रतिनिधी न नेमणाऱ्या मालकाला दिवसाला पन्नास रुपये दंड, एवढाच तिचा आशय. पन्नास रुपयांच्या दंडाने गुजरातच्या उद्योगाची दिशा ठरली, असे कोण म्हणेल? मुळात भारतातले बहुसंख्य श्रमिक असंघटित क्षेत्रात आहेत. कामगार कपातीसाठी सरकारची परवानगी मागणारे कलम शंभर किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांपुरते होते. आता ती मर्यादा तीनशेवर नेली आहे. ज्या कायद्याने बहुतेकांना कधी स्पर्शच केला नाही, त्याला त्यांच्या दारिद्र्याचे कारण ठरवता येत नाही.

आता खरा गाभा: स्वातंत्र्य. करार मोकळा असतो तो दोन्ही बाजूंना ‘नको’ म्हणता येते तेव्हा. कंपनीला एक दुचाकीस्वार नको असेल तर ती त्याचे खाते बंद करते. तिचे काही अडत नाही. त्याने काम नको म्हटले तर गाडीचा हप्ता, खोलीचे भाडे आणि गावी पाठवायचे पैसे लगेच अडतात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये नेमका हाच प्रश्न उपस्थित केला. शासनाने अंग काढून घेतले म्हणजे स्वातंत्र्य आले असे नव्हे. ते जमीनदाराला खंड वाढवण्याचे आणि मालकाला तास वाढवून मजुरी घटवण्याचे स्वातंत्र्य ठरते, असा त्यांचा युक्तिवाद आहे. उपाशी माणूस नोकरीसाठी आपले हक्क सोडून देईल, हे त्यांनी मजूरमंत्री म्हणून जवळून पाहिले होते. बाजाराचे आद्य भाष्यकारही याबाबत आजच्या कैवाऱ्यांपेक्षा सावध होते. मजुरी वाढू नये यासाठी मालकांची मूक एकजूट नेहमीच असते, हे ॲडम स्मिथने लिहून ठेवले आहे; आणि पुरेशा संपन्न समाजाने सर्वांना किमान सुरक्षेची हमी दिली तर स्वातंत्र्य धोक्यात येत नाही, हे हायेकला १९४४ मध्येच मान्य होते.

बंगळुरूने याची कसोटी उघड्यावर पाहिली. मे २०२० मध्ये, टाळेबंदीत, परप्रांतीय मजुरांना घरी जायचे होते. त्यांनी बाजाराला ‘नको’ म्हटले होते. बांधकाम व्यावसायिकांशी बैठक झाली आणि कर्नाटक सरकारने श्रमिक गाड्या रद्द करण्याचे पत्र रेल्वेला धाडले. देशभर टीका झाल्यावर दोनच दिवसांत निर्णय फिरवावा लागला. त्याच महिन्यात कारखान्यांतली कामाची मर्यादा दिवसाला दहा तासांवर नेणारी अधिसूचना निघाली. ती जूनमध्ये मागे घेतली गेली. मजूर निघून जाऊ लागला तेव्हा शासनाला हाक मारायची, आणि त्याने विमा मागितला तेव्हा शासनाने दूर राहावे असे म्हणायचे, ही भूमिका बाजारनिष्ठेची नाही. ती बळाची आहे, आणि तसे स्पष्ट म्हटले पाहिजे.

नकाराची ऐपत दिली तर रोजगार घटतो का? याचे उत्तर शोधायला महाराष्ट्रापासून सुरुवात करावी लागते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना १९७२ च्या दुष्काळात राज्यभर पोचली, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तिला कायद्याचे बळ मिळाले. शहरी पगारदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापून खेड्यातल्या मजुराला कामाचा हक्क द्यायचा, असे ते गणित होते. २००५ चा राष्ट्रीय कायदा याच वाटेने आला. त्याचा बाजारावर काय परिणाम होतो हे कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर यांनी आंध्र प्रदेशात १५७ मंडलांतल्या सुमारे एक कोटी नव्वद लाख लोकसंख्येत तपासले. योजनेची अंमलबजावणी सुधारली तिथे गरीब कुटुंबांचे उत्पन्न वाढले, आणि त्या वाढीचा फार मोठा भाग योजनेतून आलाच नव्हता. तो खासगी कामाच्या वाढलेल्या मजुरीतून आला. आणि खासगी रोजगार घटण्याऐवजी वाढला. पाठ्यपुस्तकातला नियम इथे उलटा का चालला? कारण मजुरी आधी मोकळ्या चढाओढीने ठरतच नव्हती. मोजक्या मालकांच्या हाती ती दाबलेली होती. मजुराला पर्याय मिळाला आणि बाजार थोडा अधिक बाजारासारखा वागू लागला.

पूर्वपक्षातला सत्यांश मी इथे मान्य करतो. आपले जुने कायदे आतल्यांचे रक्षण करत राहिले आणि बाहेरच्यांना विसरले. त्याचे दुःखद उदाहरण पुन्हा दूरवाणीनगरच्या फाटकावर सापडते. ज्या कारखान्याने सुरक्षित नोकरीचा वस्तुपाठ घालून दिला, त्याच्याच दारात डिसेंबर २०२१ पासून ८० कंत्राटी कामगार कामावर परत घ्या म्हणून धरणे धरून बसले. त्यांतल्या काहींची कामाची वर्षे दोन आकडी होती. काम आतल्यांबरोबरचे, कागद मात्र कंत्राटदाराचा. कंत्राटी पद्धत बंद केली तरी कामगार आपोआप मूळ कंपनीचा होत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये स्टील ऑथॉरिटीच्या खटल्यात दिलेला आहे. म्हणजे संरक्षण नोकरीच्या कागदाला बांधले, की कागद बदलून ते काढून घेता येते. आणि मालक सरकार असले तरी यात फरक पडत नाही. यावरून पूर्वपक्ष म्हणतो, संरक्षणच सोडा. मी म्हणतो, ते कागदाला न बांधता कामाला बांधा.

हे स्वप्नरंजन नाही, महाराष्ट्रात घडलेले आहे. माथाडी हमालाला एक मालक नसतो. सकाळी एका पेढीवर पोती उतरवायची, दुपारी दुसऱ्या गोदामात ट्रक भरायचा. आमचा नोकर कोण, असे प्रत्येक व्यापारी विचारू शकत होता. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईत आणि बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने पुण्यात हे हमाल संघटित केले, आणि १९६९ मध्ये माथाडी कायदा झाला. सरकार, व्यापारी आणि कामगार यांचे त्रिपक्षीय मंडळ. व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावर ठरलेली लेव्ही मंडळाकडे भरायची. त्या लेव्हीतून हमालाला भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, औषधोपचार, रजा, बोनस. हमाल कोणाच्याही पोत्याखाली खांदा देवो, हक्क त्याच्याबरोबर चालत येतो. लेव्हीचे प्रमाण मजुरीच्या तीस टक्क्यांच्या वरही असते, आणि तरी वाशीचा किंवा पुण्याच्या मार्केट यार्डातला व्यापार त्याच व्यवस्थेत वाढला. या व्यवस्थेचा गैरवापर झाला, नकली माथाडी म्हणून खंडणी उकळल्याच्या तक्रारी खऱ्या आहेत, आणि त्यासाठी २०२३ मध्ये दुरुस्ती विधेयकही आले. खंडणीखोरांवर गुन्हे दाखल करावेत. त्यांच्या पापाची किंमत घामाने निथळणाऱ्या हमालाने का मोजावी?

कर्नाटकाने २०२५ मध्ये केलेला गिग कामगारांचा, म्हणजे ॲपवरून काम घेणाऱ्यांचा, कायदा याच घडणीचा आहे. राजस्थानने तसा पहिला कायदा २०२३ मध्ये केला होता. नोंदणी, कल्याण मंडळ, प्रत्येक व्यवहारात कामगाराला मिळणाऱ्या मोबदल्यावर एक ते पाच टक्के शुल्क, कामावरून काढण्याआधी कारणासह चौदा दिवसांची नोटीस. एका फेरीला कामगाराला चाळीस रुपये मिळत असतील तर शुल्क होते चाळीस पैसे ते दोन रुपये. एवढ्याने जो धंदा बुडेल, तो आजवर त्या मुलाच्या अपघाताचा, आजाराचा आणि म्हातारपणाचा खर्च त्याच्याच माथी मारून चालला होता असे म्हणावे लागेल. वेळेची मोकळीक या कायद्याने हिरावली जात नाही. ॲप बंद करण्याचा हक्क तसाच राहतो.

माझी तक्रार उलट आहे. माथाडी मंडळ मजुरीही आपल्या हातून वाटते, दरावर मालकाला समोरासमोर बसावे लागते. कर्नाटकाचा कायदा शुल्कापाशी थांबतो. फेरीचा दर अजूनही कंपनीच ठरवते आणि हवा तेव्हा बदलते. त्रिपक्षीय मंडळ बसवलेच आहे, तर प्रति किलोमीटर आणि प्रतीक्षेच्या प्रति मिनिटाचा किमान दर ठरवण्याचा अधिकारही त्याला द्या.