शिकवता शिकवता सापडलेला सिद्धांत

१९५०च्या दशकात पिट्सबर्गच्या कार्नेगी टेकमध्ये फ्रँको मोदिग्लियानी आणि मर्टन मिलर या अर्थतज्ज्ञांवर मॅनेजमेंटच्या विद्यार्थ्यांना कॉर्पोरेट फायनान्स शिकवायची वेळ आली. विषय दोघांनाही नवा. उपलब्ध लिखाणात मेळ लागेना, म्हणून त्यांनी स्वतःच गणित मांडलं. १९५८च्या शोधनिबंधात उत्तर आलं: कर, दिवाळखोरीचा खर्च अशा अडचणी नाहीत असं धरलं, तर कंपनीची किंमत तिच्या कमाईवर ठरते, भांडवल कर्जाचं की शेअर्सचं, याने फरक पडत नाही.

कर्जात बुडालेल्या कंपनीची पुनर्रचना शिकताना ही गृहीतकंच उपयोगी पडतात. एकेक काढून बघायचं. कर येतो, वकिलांची फी येते, पुरवठादार उधारी थांबवतात, चांगली माणसं सोडून जातात. किंमत कुठे गळते ते दिसू लागतं. समीकरणात शून्य धरलेल्या रकमेत कुणाचातरी पगार असतो.