जुन्या मोटारींचा जीर्णोद्धार आणि मिस्त्रींची विद्या

जीर्णोद्धार हा शब्द आपल्या भाषेत बहुतकरून देवळांच्या संबंधात योजिला जातो. बीडच्या कंकालेश्वरासारखी प्राचीन देवालये ज्या मराठवाड्यात आहेत, तेथील माणसाला ह्या शब्दाच्या दोन्ही बाजू चांगल्या ठाऊक आहेत. ढासळलेला दगड पुन्हा जागी बसवून वास्तूचे आयुष्य वाढविणे, ही त्याची एक बाजू. काळ्या पाषाणावर तेलाचा रंग चढवून आणि गाभाऱ्यात चकचकीत फरशी घालून जुने ते सारे पुसून टाकणे, ही दुसरी. ह्या दोहोंतील भेद आज एका अगदी निराळ्या वस्तूच्या संबंधात विचारात घेण्याची वेळ आली आहे. ती वस्तू म्हणजे जुनी मोटार. मोटार ही काही देवता नव्हे, आणि तिच्या जीर्णोद्धाराने कोणास पुण्य लाभते असेही नाही. परंतु तिच्या अंगावर गेल्या शंभर वर्षांचा जो इतिहास कोरला गेला आहे, तो जपावयाचा की घासून काढावयाचा, हा प्रश्न इतिहासाच्या अभ्यासकाने केवळ हौशी मंडळींवर सोपवून मोकळे व्हावे इतका क्षुल्लक नाही.

जुन्या मोटारी जपण्याचा छंद मूळचा विलायतेतील. १८९६ च्या नोव्हेंबरात लंडनहून ब्रायटनपर्यंत मोटारींची जी प्रसिद्ध सफर निघाली, तिची स्मृती म्हणून १९२७ साली तीच वाट जुन्या गाड्यांनी पुन्हा चालून दाखविली, आणि १९३० साली अशा गाड्यांच्या धन्यांनी आपला पहिला क्लब स्थापन केला. म्हणजे मोटार जन्मून पुरती पन्नास वर्षेही झाली नव्हती, तोच तिला पुराणवस्तूचा मान मिळाला होता. आपल्याकडे मुंबईच्या रस्त्यावर मोटार दिसू लागली ती १८९८ साली. जुन्या मोटारींची नियमित रॅली सुरू झाली ती दिल्लीस १९६४ साली, ‘स्टेट्समन’ पत्राच्या पुढाकाराने. पुढे मुंबईस व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडिया ही संस्था नावारूपास आली. तिच्याशी निकट संबंध असलेले प्राणलाल भोगीलाल यांनी अहमदाबादजवळ कठवाडा येथे आपल्या गाड्यांचे जे संग्रहालय उभे केले, ते पाहिले म्हणजे एका माणसाचा छंद केवढे रूप घेऊ शकतो याची साक्ष पटते.

ह्या छंदाच्या इतिहासात संस्थानिकांच्या गाड्यांना अग्रस्थान मिळावे, हे स्वाभाविकच आहे. निजामांसाठी १९१२ च्या सुमारास बनविलेली पिवळ्या रंगाची रोल्स-रॉइस आज हैदराबादच्या चौमहल्ला राजवाड्यात आहे. तिच्यातील मागचे आसन सिंहासनासारखे उंच केलेले आहे. सांगाडा आणि इंजिन रोल्स-रॉइसचे, तर वरची पेटी लंडनच्या बार्कर कारखान्याची. आपल्या कोल्हापुराचे उदाहरण तर याहून अधिक बोलके आहे. राजाराम महाराजांच्या काळातील मेबॅक मोटार दर वर्षी विजयादशमीस बाहेर निघते आणि छत्रपतींच्या घराण्यातील मंडळी तिच्यातून दसरा चौकात सोने लुटण्याच्या समारंभास येतात. मेबॅक हा जर्मन कारखाना मुळात झेपेलिन विमानांची इंजिने करणारा; १९२१ पासून दुसऱ्या महायुद्धाच्या प्रारंभापर्यंत त्याने अवघ्या अठराशेच्या आसपास मोटारी बनविल्या. त्यांतील एक करवीरात सीमोल्लंघनास अजून चालत जाते, याचे मर्म एवढेच, की तिला काम आहे. जी वस्तू वर्षातून एकदा तरी कामास लागते, तिची तेलवात कोणी ना कोणी करतोच. जी नुसती मिरविण्यासाठी असते, ती धन्याची हौस संपली की संपते.

परंतु राजवाड्यांतील गाड्या म्हणजे मोटारींचा इतिहास नव्हे. बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यातील चकलांबा हे गाव घ्या. मोटारींच्या ग्रंथांत त्याचे नाव सापडावयाचे नाही. पण अशा गावातून पाहिले म्हणजे हाच इतिहास निराळा दिसू लागतो. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याच्या रेल्वे खात्याने १९३२ साली २७ बसगाड्या आणि १६६ माणसे घेऊन सरकारी मोटारवाहतूक सुरू केली. स्कॉटलंडच्या ऑल्बियन कारखान्याची त्या काळची एक बस हैदराबादच्या बस भवनात अद्याप जतन करून ठेवली आहे. पलीकडे मुंबई इलाख्यात १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) अशी एस. टी. ची पहिली गाडी धावली. मराठवाडा १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि मग त्या लाल गाडीची आणि आमच्याकडच्या धुळीची ओळख झाली. खेड्यातील माणसाच्या लेखी मोटार म्हणजे ही बस, तालुक्याच्या साहेबाची जीप आणि बाजारहाटाचा मालट्रक. रोल्स-रॉइस नव्हे.

ह्या साध्या गाड्या टिकल्या कशा, हे समजावयाचे तर एक आर्थिक घटना ध्यानी घ्यावी लागते. १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईस शिवडी येथे आपला कारखाना काढला. पाठोपाठ फोर्डनेही मुंबईतच गाड्या जोडावयास प्रारंभ केला. पेट्यांतून सुटे भाग यावयाचे आणि येथे त्यांची मोटार व्हावयाची, असा तो व्यवहार होता. महायुद्धात पेट्रोल दुर्मिळ झाले, तेव्हा अनेक मोटारींच्या पाठीस कोळशाच्या गॅसची भट्टी लागली. स्वातंत्र्यानंतर, जो येथे मोटार घडविणार नाही त्याने नुसती जोडूही नये, असे धोरण ठरले. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर हे दोन्ही अमेरिकन कारखाने येथून निघून गेले. सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीसारखे थोडे देशी कारखाने तेवढे उरले. धोरणाचे गुणदोष अर्थशास्त्रज्ञांनी ठरवावे. पण देशभर विखुरलेल्या शेवरोले आणि फोर्ड गाड्यांचे सुटे भाग मिळण्याचा राजमार्ग त्यामुळे बंद झाला, ही गोष्ट खरी. तेथून पुढे त्या गाड्या जगविल्या त्या मिस्त्रींनी.

हे मिस्त्री लोक म्हणजे आमच्या मते ह्या इतिहासातील खरे नायक होत. धुऱ्याच्या खोबणीत व्हाइट मेटल ओतणे हे एकच काम पाहा. कथील, अँटिमनी आणि तांबे यांचा हा मऊ मिश्रधातू वितळवून, साचा योग्य तितका तापवून, एका दमात ओतावा लागतो. धातू कमी तापला तर थर धरत नाही, अधिक तापला तर ठिसूळ होतो. ओतल्यानंतर धुऱ्याला निळा रंग लावून तो फिरवावयाचा, जेथे रंग उमटेल तेवढाच उंचवटा हाताने खरवडावयाचा, आणि सर्वत्र सारखा डाग येईपर्यंत हेच पुनःपुन्हा करावयाचे. जुन्या गाड्यांच्या पत्र्याखाली लाकडाची चौकट असे. विलायतेत ती अ‍ॅश लाकडाची करीत; आपल्या सुताराने ती सागवानाची केली, आणि ती आपल्या हवेत बरी टिकली. मडगार्ड लाकडी ठोकळ्यावर ठोकून गोलाईस आणले. गॅस्केट बुचाच्या पत्र्यातून कातरले. मॅग्नेटोची गुंडाळी पंख्याच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्याकडून नव्याने भरून घेतली. जेथे मूळ इंजिन सर्वस्वी निकामी झाले, तेथे पर्किन्सचे डिझेल इंजिन बसवून गाडी आणखी वीस वर्षे भाड्याला लावली. ‘ड्युको’ हा शब्द आज कोणत्याही रंगाऱ्याच्या तोंडी ऐकू येतो. तो १९२४ साली अमेरिकेत मोटारींवर प्रथम चढलेल्या एका झटपट वाळणाऱ्या रंगाचे नाव आहे, हे त्याच्या गावीही नसते. शब्दाचा असा प्रवास हाही इतिहासच होय.

आज जुन्या गाडीभोवती जी मंडळी जमते, तिच्यात म्हणूनच दोन वर्ग दिसतात. एक गाडीच्या धन्यांचा. दुसरा मिस्त्री, सुतार, रंगारी, गादीवाले आणि मुंबईच्या चोरबाजारातील भंगारवाले यांचा. पहिल्या वर्गाचे क्लब आहेत, चषक आहेत, वर्तमानपत्रांत छायाचित्रे आहेत. दुसऱ्या वर्गाजवळ केवळ हात आणि आठवण आहे. एखादा जुना कार्ब्युरेटर कोणत्या गाडीचा, हे भंगाराच्या ढिगात बोटाने चाचपून सांगणारा म्हातारा कारागीर गेला, म्हणजे एक संपूर्ण ग्रंथालय बंद होते. मात्र त्या ग्रंथालयाची सूचीसुद्धा कोणी केलेली नसते.

ह्या पार्श्वभूमीवर सरकारी नियमाकडे पाहावे. केंद्र सरकारने २०२१ साली जुन्या वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीची पद्धत घालून दिली. प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक जुने दुचाकी वा चारचाकी वाहन ‘व्हिंटेज’ ठरते; त्याच्या क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात; नव्या नोंदणीस २०,००० रुपये आणि पुनर्नोंदणीस ५,००० रुपये शुल्क पडते; प्रमाणपत्र दहा वर्षे चालते. रोजच्या वा धंद्याच्या कामास अशी गाडी वापरता येत नाही. प्रदर्शन, संशोधन, रॅली, तेल भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणावयाची. हा नियम उपकारकच आहे. पण त्यात एक अट अशी आहे, की गाडी मूळ स्वरूपात असावी आणि तिचा सांगाडा, पेटी वा इंजिन यांत भरीव फेरफार झालेला नसावा.

ह्या अटीमागील हेतू आम्ही ओळखतो. तीन मोडक्या गाड्यांची एक गाडी करून ती अस्सल म्हणून विकणारे लोक ह्या व्यवहारात असतात, आणि त्यांना आळा बसलाच पाहिजे. ज्या गाडीचा क्रमांक खोटा, तिचा इतिहासही खोटा. तथापि फसवणूक आणि फेरफार या दोन भिन्न गोष्टी आहेत. जी गाडी १९३० च्या दशकात शिवडीस जोडली गेली, युद्धात कोळशावर चालली, नंतर प्रवासी भाड्यासाठी जिची पेटी गावच्या सुताराने लांबविली, आणि अखेर जिने डिझेलचे इंजिन पत्करले, तिच्याइतकी अस्सल हिंदुस्थानी गाडी दुसरी कोणती? नियमाच्या काट्यावर मात्र ती उतरत नाही. मग धनी काय करतो? मिस्त्रीने केलेले सारे उखडून टाकतो, परदेशातून नवे भाग मागवितो, आणि जी अवस्था गाडीने आपल्या देशात क्वचितच अनुभवली, ती तिच्यावर लादतो. हाच तो पाषाणावरचा तेलाचा रंग.

आंतरराष्ट्रीय विचार ह्या बाबतीत पुढे गेला आहे. १९६४ च्या व्हेनिसच्या सनदेने प्राचीन वास्तूंसाठी जी तत्त्वे सांगितली, त्यांच्या धर्तीवर जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाने २०१२-१३ साली तुरिनची सनद स्वीकारली. तिचा मथितार्थ असा, की वाहन वापरात असताना त्यावर ज्या खुणा उमटल्या त्यांनाही इतिहासाचे मोल आहे. जतन हे पुनर्निर्माणापेक्षा श्रेष्ठ. आणि जे काही बदलावे त्याची लेखी नोंद ठेवावी. हे तत्त्व आपल्या देशास जितके लागू पडते तितके दुसऱ्या कोणत्या देशास लागू पडत असेल, असे आम्हांस वाटत नाही.

शिवाय वेळही थोडा उरला आहे. मुंबईची काळीपिवळी प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ पासून रस्त्यावरून गेली. लक्षावधी लोकांच्या आठवणीतील ही गाडी. पण तिचे किती नमुने टॅक्सीच्या वेषात, भाड्याच्या मीटरसह, जपले जातील? इंधनाचाही प्रश्न आहे. उसाच्या मळीपासून होणारे इथेनॉल आता पेट्रोलात वीस टक्क्यांपर्यंत मिसळले जाते. ते पाणी शोषून घेते, आणि जुन्या रबरी नळ्या व बुचाची गॅस्केटे त्यात तग धरीत नाहीत. ज्या उसाच्या तोडणीसाठी बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दर वर्षी घर सोडतात, त्याच उसाचा रस जुन्या कार्ब्युरेटरास बाधावा, हा काळाचा विचित्र न्याय म्हणावा लागेल. त्यावरही तोड निघेल ती नव्या नळ्या जुन्या मापात बसविणाऱ्या मिस्त्रीकडूनच.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. प्रत्येक जीर्णोद्धारासोबत एक वही असावी. गाडी सोडविण्यापूर्वीची तिची छायाचित्रे, काढलेला प्रत्येक भाग, तो कोणी व केव्हा बसविला होता याविषयी मिळेल ती माहिती, आणि नवे काम करणाऱ्या कारागिराचे नाव तीत लिहावे. काढलेले देशी भाग भंगारात न देता गाडीसोबत ठेवावे. क्लबांनी चषक देताना ही वही पाहावी आणि चषकावर धन्याबरोबर मिस्त्रीचेही नाव घालावे. सरकारने अटीत एवढी दुरुस्ती करावी, की जो फेरफार स्वतः पन्नास वर्षांहून जुना आहे आणि ज्याची नोंद सिद्ध करता येते, तो दोष न मानता गाडीच्या चरित्राचा भाग मानावा. आणि मराठवाड्यातील एखाद्या संग्रहालयाने एक एस. टी., एक जीप आणि एक जुना मालट्रक, त्यांच्या ठिगळांसकट, जागा देऊन ठेवावा.

ताम्रपटावरील अक्षर पुसट झाले म्हणून त्यावर नवे अक्षर कोरणाऱ्यास आपण संशोधक म्हणत नाही. लोखंडावरच्या अक्षराला निराळा न्याय लावण्याचे काही कारण नाही. ठिगळ हे दारिद्र्याचे चिन्ह खरे. पण ज्या हातांनी ते लावले त्यांच्या बुद्धीचेही ते चिन्ह आहे, आणि ते वाचावयास शिकलेले डोळे अजून हयात आहेत तोवर ते वाचून घेतले पाहिजे.